सर्व्हर खोटं बोलत नाही!

"सर्व्हर खोटं बोलत नाही!" हे वाक्य गेल्या सेमिस्टरला मी माझ्या रूम पार्टनरच्या तोंडावर फेकलं होतं. आता ते आठवलं की माझी मान आपोआप खाली जाते.

तर मंडळी, झालं असं. आमच्या लॅबमध्ये एक जुना लिनक्स सर्व्हर आहे. असाइनमेंट त्यावरच अपलोड करायच्या आणि त्याची देखभाल, सरांच्या कृपेने, अस्मादिकांकडे. त्या दिवशी मुदत होती रात्री १२ पर्यंत. मी दुपारीच सबमिट करून मोकळा. बाकी जनता नेहमीप्रमाणे मेसमधून आल्यावर कामाला लागली. दुसऱ्या दिवशी सरांनी यादी लावली. चौदा जण 'लेट', मार्क निम्मे! रूमीच्या फाईलवर वेळ होती पहाटे ४.४०.

"अरे, मी ११.१० ला टाकली! तू घोरत होतास तेव्हा!" तो जीव तोडून सांगत होता. पण "झालंय रे, फक्त प्रिंट बाकी आहे" हे वाक्य तीन वर्षं ऐकवणाऱ्या माणसावर कोण विश्वास ठेवणार? मग मी ते वर लिहिलेलं वाक्य बोललो. तो काहीच बोलला नाही. पांघरूण घेऊन भिंतीकडे तोंड करून झोपला.

मला मात्र झोप लागेना. चौदाच्या चौदा जण एकाच रात्री झोपाळू कसे झाले? आणि मग आठवलं. त्या रात्री वीज गेली होती.

आता थोडं तांत्रिक, कंटाळू नका. बहुतेक कॉम्प्युटरमध्ये दोन घड्याळं असतात. एक मदरबोर्डवरचं हार्डवेअर क्लॉक. त्यातला क्वार्ट्झचा क्रिस्टल सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो, म्हणजे २ चा १५ वा घात. मशीन बंद असलं तरी नाण्याएवढ्या ३ व्होल्टच्या सेलवर ते चालू राहतं. दुसरं सिस्टिम क्लॉक, जे कर्नल चालवतं. मशीन सुरू होताना कर्नल हार्डवेअर क्लॉककडून एकदा वेळ विचारून घेतं, आणि त्यानंतर स्वतःचं स्वतः मोजत बसतं. फाईलवर शिक्का बसतो तो या दुसऱ्या घड्याळाचा.

दोन महिन्यांपूर्वी सर्व्हरची वेळ साडेपाच तास पुढे दिसत होती. कारण कुणीतरी बायोसमध्ये भारतीय वेळ भरली होती आणि लिनक्स तिला यूटीसी समजून वर आणखी साडेपाच तास चढवत होतं. मी 'डेट' कमांड मारली, वेळ बरोबर दिसली, मी खूश. पण ती कमांड फक्त सिस्टिम क्लॉक बदलते! हार्डवेअर क्लॉक होतं तसंच राहिलं. पुढचे दोन महिने सर्व्हर एकदाही बंद झाला नाही, म्हणून चूक झाकली गेली.

त्या रात्री यूपीएसने मान टाकली, सर्व्हर पुन्हा सुरू झाला आणि त्याने जुन्याच घड्याळावर विश्वास ठेवला. चूक रूमीची नव्हती, सर्व्हरची नव्हती. माझी होती.

खरं सांगतो, गप्प बसावं असंही वाटून गेलं. माझे मार्क तर सुरक्षित होते! पण समोर भिंतीकडे तोंड करून झोपलेली ती पाठ दिसत होती.

सकाळी सरांकडे गेलो. सगळं ऐकून ते म्हणाले, "पुरावा?" लॉगमध्ये ८.१० नंतरची पुढची नोंद थेट १.५५ ची होती. मधले पावणेसहा तास सर्व्हर खरंच बंद होता की नाही, हे सर्व्हरलाच विचारून काय उपयोग? शेवटी गेटवरच्या वॉचमन मामांची जनरेटरची वही कामी आली. "लाईट गेली ८.१०, जनरेटर ८.२०." मामांच्या भिंतीवरच्या घड्याळाची आम्ही किती टिंगल केली असेल! जनरेटर सुरू झाल्यावर पाचेक मिनिटांत, म्हणजे ८.२५ ला, सर्व्हर उठला आणि ८.२५ चे १.५५ झाले. बरोब्बर साडेपाच तास. रूमीचे ४.४० म्हणजे ११.१०.

चौदाही जणांचे मार्क परत मिळाले. सर मला एवढंच म्हणाले, "दिसतंय ते बरोबर केलंस, साठवलंय ते नाही केलंस."

त्याच दुपारी आधी सिस्टिमची वेळ नीट लावली आणि मग 'एचडब्ल्यूक्लॉक' कमांडने ती हार्डवेअरमध्ये यूटीसी म्हणून लिहिली. पण तेवढ्यावर भागत नाही. क्रिस्टलचा वेग दहा लाखांत वीस भागांनी जरी चुकला, तरी दिवसाला पावणेदोन सेकंदांचा फरक पडतो. म्हणून नेटवर्कवाल्या सरांच्या मागे लागून एनटीपीसाठी यूडीपीचा १२३ नंबरचा पोर्ट उघडून घेतला आणि 'क्रोनी' बसवलं. त्यात 'आरटीसीसिंक' लिहिलं की कर्नल दर ११ मिनिटांनी बरोबर वेळ हार्डवेअर क्लॉकलाही कळवत राहतं. मग सर्व्हर मुद्दाम रीस्टार्ट करून पाहिला. हे शेवटचं काम मी दोन महिन्यांपूर्वीच करायला हवं होतं.

रूमीची माफी मागितली. त्याने माझ्याच पैशाने दोन प्लेट मिसळ हाणून मला माफ केलं. पण अजूनही मी त्याला "किती वाजले रे?" विचारलं, की हा पठ्ठ्या शांतपणे म्हणतो, "कुठल्या घड्याळात?"