निळी दप्तरं

२०१८च्या जुलैत तापाने अंथरूण धरलं होतं. टीव्हीवर थायलंडच्या थाम लुआंग गुहेत अडकलेली १२ मुलं नि त्यांचा प्रशिक्षक. एकेक मूल बाहेर आलं की आई देवापुढे साखर ठेवायची. १० जुलैला सगळे सुटले, मी रडले.

पुढच्याच महिन्यात, ९ ऑगस्टला, येमेनच्या सादा प्रांतात सहलीला निघालेल्या मुलांच्या बसवर सौदीप्रणीत आघाडीने हवाई हल्ला केला. किमान ४० मुलं गेली. बातमी आली, सरकली. फोटोत युनिसेफची निळी दप्तरं दिसली, धुळीने नि रक्ताने माखलेली. ती अजून डोळ्यांपुढून हलत नाहीत.

गुहेतल्या मुलांवरची माया खरीच होती. तिथे वाट पाहायला दिवस होते, आशा होती. बसमधल्यांसाठी कुणाला साखर ठेवायला सवड तरी कुठे मिळाली? पण नंतरही, इतकी वर्षं युद्ध चालू असताना, येमेनमधल्या उपाशी लेकरांपाशी कॅमेरे का थांबले नाहीत?