अठरा डॉलरांची बचत

काटकसर हा गृहस्थाश्रमाचा पाया आहे, असें मी चौतीस वर्षें वर्गांतील मुलांस सांगत आलों. बाजारांत चार दुकानें हिंडावीं, भाव विचारावा आणि मगच जिन्नस घ्यावा, ही आमच्या घराची पूर्वापार रीत. तिच्याविषयीं मला कधीं शंका आली नव्हती. ती आली दोन वर्षांपूर्वीं, अमेरिकेंत, एका खेळांच्या दुकानांत. ती हकीकत वाचकांपुढें ठेवावी असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहें.

त्या वर्षीं सौ. व मी चिरंजीवांकडे न्यू जर्सी संस्थानांत सहा महिने राहण्यास गेलों होतों. नातू दहा वर्षांचा. मुलगा हुशार, पण शाळेंतून आला कीं मोबाइल घेऊन बसावयाचा. आजोबांशीं बोलणें 'हो' आणि 'नाहीं' यांपलीकडे फारसें जात नसे. एका शनिवारीं पाऊस लागला असतां चिरंजीव आम्हां दोघांस एका दुकानांत घेऊन गेले. एका बाजूस धोबीखाना, दुसऱ्या बाजूस खानावळ आणि मध्यें हें दुकान. दर्शनीं भिंतभर खेळांच्या रंगीत पेट्या आणि मागें आठ-दहा लांब मेजें. मेजांभोंवतीं शाळकरी मुलांपासून पिकल्या केसांच्या गृहस्थांपर्यंत सर्व वयांची माणसें खेळत बसलेलीं. आलेल्यानें कांहीं विकत घेतलेंच पाहिजे अशी अट नव्हती.

खेळ म्हटला कीं आमच्या डोळ्यांपुढें सोंगट्या, पत्ते आणि बुद्धिबळें एवढेंच येतें. फळीवर एके ठिकाणीं 'पार्चीसी' हें नांव वाचून मी चमकलों. आपल्या पचिशीचेंच तें रूपांतर. अमेरिकेंत त्या नांवाचें व्यापारचिन्ह १८७४ सालींच नोंदलें गेलें होतें. परंतु या दुकानांचा संसार चालतो तो अलीकडच्या खेळांवर. १९९३ सालीं रिचर्ड गारफील्ड या गणितज्ञानें 'मॅजिक' हा पत्त्यांचा खेळ काढला. १९९५ सालीं जर्मनींत क्लाउस टॉयबर यानें 'कटान' काढला. हा व्यवसायानें कृत्रिम दांत करणारा कारागीर. २००४ सालीं निघालेला अ‍ॅलन मून याचा 'तिकीट टु राइड' हा आगगाड्यांचा खेळ त्या दिवशीं आमच्या वांट्यास आला. असे खेळ पेटी उघडली म्हणजे आपोआप येत नाहींत. कोणीतरी शेजारीं बसून शिकवावे लागतात.

शिकविलें तें खुद्द दुकानाच्या मालकानें. पन्नाशीचा, शांत स्वभावाचा गृहस्थ. माझें इंग्रजी मॅट्रिकपर्यंतचें, त्याचें बोलणें भरभर. तरी अर्ध्या तासांत त्यानें मला खेळता केलें. पुढ्यांत उत्तर अमेरिकेचा नकाशा, हातांत रंगीत पत्ते, आणि पत्ते जुळले कीं एका नगरापासून दुसऱ्या नगरापर्यंत चिमुकले डबे मांडावयाचे. मी जन्मभर संस्कृताबरोबर भूगोलहि शिकविला; पण सिॲटल कोठें व न्यू ऑर्लीन्स कोठें, हें माझ्या मनांत पक्कें बसलें तें त्या मेजावर. पुढें आठ शनिवार आम्ही गेलों. तेथील दोघे-तिघे नेहमींचे गृहस्थ आमच्याबरोबर खेळावयास बसत. "आजोबा, तुम्ही मुद्दाम माझा रस्ता अडवलात!" असें नातू मराठींत भांडूं लागला, तेव्हां सौ. घरीं म्हणाली, "तो भांडतो आहे, म्हणजे आपला झाला."

त्याचा वाढदिवस जवळ आला. हाच खेळ त्याला द्यावा असें मी ठरविलें. दुकानांत पेटीची किंमत ५५ डॉलर होती. चिरंजीवांनीं मोबाइल उघडून दाखविलें कीं, तीच पेटी एका मोठ्या सवलतवाल्या विक्रेत्याकडे ३७ डॉलरांना घरपोंच मिळते. अठरा डॉलर! मनांतल्या मनांत गुणाकार केला, तों सुमारें दीड हजार रुपये झाले. "अण्णा, काय करूं?" असें त्यानें विचारलें. "स्वस्त मिळते तेथूनच मागव," असें मीं क्षणाचाहि विलंब न लावतां सांगितलें.

पेटी दोन दिवसांत आली. वाढदिवस झाला. आजोबा-नातू खेळावयास बसलों आणि अडलों. कांहीं नगरांच्या जोडींत दोन समांतर मार्ग असतात. दोघेच खेळत असतां ते दोन्ही वापरावे कीं एकच, याविषयीं आमचें एकमत होईना. दुकानांत आम्ही नेहमीं चौघे असूं, म्हणून हा प्रश्न कधीं उद्भवला नव्हता. बरोबरच्या पुस्तिकेंत तो नियम छापलेला होता, पण तो आमच्या नजरेस आला नाहीं. "दुकानांत विचारूं या कीं!" नातू म्हणाला.

शनिवारीं गेलों. नातवानें निष्पापपणें सांगून टाकलें, "आजोबांनीं मला खेळ दिला, घरीं आला!" मालक क्षणभर थांबला. गल्ल्यामागें त्याच खेळाची एक पेटी बाजूला काढून ठेविलेली होती, व तिच्यावर नातवाचें नांव लिहिलेली चिठ्ठी होती. वाढदिवसाची गोष्ट पोर आधींच बोललें असलें पाहिजे. त्यानें चिठ्ठी काढली, पेटी परत फळीवर ठेवली, आणि मग आमच्याजवळ बसून शांतपणें समजाविलें कीं, दोघे किंवा तिघे खेळत असतां जोडमार्गांपैकीं एकच वापरावयाचा. वीस मिनिटें गेलीं. पैसे त्यानें मागितले नाहींत, व मींहि दिले नाहींत.

त्या रात्रीं मला झोंप लागली नाहीं. पुष्कळ वर्षांपूर्वींचा एक प्रसंग आठवला. शाळा सुटल्यावर मी कांहीं मुलांस संस्कृत विनामूल्य शिकवीत असें. त्यांतील एकानें शालान्त परीक्षेंत संस्कृतांत उत्तम गुण मिळविले, आणि त्याचें छायाचित्र झळकलें तें एका खाजगी शिकवणी-वर्गाच्या जाहिरातींत. तेथें तो शेवटचे तीन महिने शुल्क भरून गेला होता. मला पैशाची अपेक्षा नव्हती. तरी तें चित्र पाहून मला जें झालें तें मी विसरलेलों नाहीं. आणि येथें मी स्वतः काय केलें होतें? शिकलों एकाकडे आणि दक्षिणा वाहिली दुसऱ्याला.

चिरंजीवांपाशीं हा विषय काढला, तेव्हां त्यांनीं व्यवहार समजावून दिला. दुकानदारास पेटी साधारणपणें छापील किंमतीच्या निम्म्याहून थोड्या अधिक भावानें पडते. उरलेल्या पैशांत भाडें, वीज, नोकर आणि तीं रिकामीं मेजें. सवलतवाला माल गाडीभर घेतो. त्याला मेजें नकोत, शिकविणारा नको. कित्येकदां एखादा जिन्नस तो जवळजवळ खरेदीच्या भावानेंच विकतो, कारण त्या निमित्तानें गिऱ्हाईक दुसरें कांहीं घेतें. लेस्टर टेल्सर या अर्थशास्त्रज्ञानें १९६० सालीं नेमका हाच पेंच मांडला होता: सेवा एकानें द्यावी व विक्री दुसऱ्यानें करावी असें चाललें, तर सेवा देणारा ती देणेंच बंद करील. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें १९११ सालीं, उत्पादकानें किरकोळ विक्रीची किमान किंमत बांधून देणें सरसकट बेकायदेशीर ठरविलें होतें. २००७ सालीं त्याच न्यायालयानें पांच विरुद्ध चार मतांनीं तो निर्णय फिरविला, व प्रत्येक प्रकरणाचा गुणदोष पाहावा असें सांगितलें. विरुद्ध मत देणाऱ्यांस भय होतें तें ग्राहकांस अधिक पैसे पडतील याचें.

तें भयहि खोटें नाहीं. ज्याच्या गांवीं असें दुकान नाहीं, किंवा ज्याच्या मिळकतींत अठरा डॉलर म्हणजे दोन दिवसांचा भाजीपाला, त्यानें स्वस्त घेतलें तर त्याला दोष देणारा मी कोण? निवृत्तिवेतनावर जगणाऱ्यानें सवलतीस पाप म्हणूं नये. माझी चूक स्वस्त घेण्यांत नव्हती. त्या मेजावर आठ शनिवार बसून मग स्वस्त घेतलें, ही ती चूक.

निघण्यापूर्वीं मी एकटाच दुकानांत गेलों. मोडक्यातोडक्या इंग्रजींत सर्व कबूल केलें, आणि एक लहानसा पत्त्यांचा खेळ पुऱ्या किंमतीस घेतला. तो हंसला. म्हणाला, "पुष्कळ लोक असेंच करतात, परत येऊन सांगत मात्र कोणी नाहीं." मग त्यानें आपला ताळा सांगितला. पेट्यांवर दुकान चालत नाहीं; तें चालतें सुटे जुने पत्ते, खाण्याच्या वस्तु आणि 'मॅजिक'चे शुक्रवारचे सामने यांवर. हे सामने २००० सालापासून दुकानादुकानांतून भरूं लागले. पुढें काय करावें याचा त्यालाहि विचार पडलेला दिसला.

गेल्या महिन्यांत चिरंजीवांचा फोन आला. दुकानानें आतां मेजावर बसण्यास माणशीं पांच डॉलर ठेवले आहेत, आणि नातू रागावला आहे कीं पूर्वीं फुकट होतें. मीं त्याला फोनवर बोलावून घेतलें व सांगितलें, "बाळ, तें फुकट कधींच नव्हतें. इतके दिवस ते पैसे दुसरा कोणी भरीत होता. जा, आणि पहिल्या दिवशीं माझेहि पांच डॉलर देऊन ये."

त्यानें दिले कीं नाहीं, हें मीं अजून विचारलेलें नाहीं. येत्या रविवारीं विचारणार आहें.