मागची चाके

वाहनाच्या पुढच्या चाकांना जो मान मिळतो तो मागच्या चाकांच्या वाट्याला सहसा येत नाही. दसऱ्याला झेंडूची माळ पुढे, लिंबू-मिरची पुढे, नारळ फुटतो तोही पुढच्या चाकाजवळ. मागच्यांना फार तर उरलेल्या हळदीकुंकवाची बोटे. ट्रॅक्टर मात्र याला अपवाद. त्याची मागची चाके माणसाच्या छातीला लागतील एवढी उंच आणि पुढची बिचारी त्यांच्यासमोर नातवंडांसारखी. ट्रॅक्टर विकत घ्यायचा तो कंपनीचे नाव पाहून. पण तो शेतात चालतो की रुतून बसतो हे पुष्कळसे मागच्या चाकांवर ठरते.

गेल्या दिवाळीत आमच्या घरी या मागच्या चाकांचा प्रश्न एकदम दोन बाजूंनी निघाला. माझे थोरले बंधू दर्यापूरच्या बाजूला, पूर्णेच्या खोऱ्यात शेती करतात. वय ७१, पण ट्रॅक्टरवर दुसऱ्या कुणाला बसू देतील तर शपथ. मी निवृत्त होऊन अमरावतीला पेन्शन खातो आणि सणावाराला गावी जाऊन त्यांच्या शेतीवर मते देतो. त्यांचा मुलगा दुबईला नोकरीला आहे. तो तीन वर्षांनी दिवाळीला आला आणि आल्या दिवशीच म्हणाला, "बाबा, मागचे दोन्ही टायर झिजले आहेत. धनतेरसच्या आधी अकोल्याला जाऊन नवे टाकू. पैसे मी देतो." दादा काही बोलले नाहीत. मग रात्री जेवताना चिरंजिवांनी आपल्या मोबाइलमधले एक चित्र पुढे केले. चार चाकांची, वर मोटारसायकलीसारखी बसायची गाडी, मागे वाळूचा डोंगर, आणि डोंगराच्या कड्यावर आमचे हे रत्न! सुटीच्या दिवशी मित्रांबरोबर वाळूत गाडी चालवायला जातो म्हणे. जुनी गाडी घेतली आहे, आता तिलाही मागचे टायर घ्यायचे आहेत आणि कोणते घ्यावेत ते ठरत नाही.

वहिनींनी वाढता वाढता चित्र पाहिले आणि पोळी तशीच हातात धरून विचारले, "अन् पडला तं?"

त्या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही. पण टायरांची चर्चा मात्र मध्यरात्रीपर्यंत चालली आणि मला तीत जे समजले ते मोठे गमतीचे होते.

वाळवंटातल्या त्या गाडीचे मागचे टायर आपण पाहतो तसे खाचाखाचांचे नसतात. गुळगुळीत रबराच्या चाकावर आडव्या, उंच पट्ट्या काढलेल्या असतात, होडीच्या वल्ह्यासारख्या. त्या मातीला पकडत नाहीत, कारण तेथे पकडायला काही नसतेच. कोरडी वाळू म्हणजे एकमेकांशी अबोला धरलेले कण. त्यात साधे चाक जोरात फिरवले की ते खाली भोक पाडते आणि त्यातच बसते. वल्ह्याचे चाक वाळूला ओंजळी-ओंजळीने मागे लोटते आणि गाडी पुढे सरकते. नदीत नाव जाते तशीच. इंजिन लहान असेल तर वल्ही थोडी आणि हलकी हवीत, नाहीतर इंजिनाचा दमच निघत नाही. दणकट इंजिनाला जास्त आणि उंच वल्ही चालतात. पुढची चाके त्याहून निराळी: जवळजवळ सपाट, मध्ये फार तर एक उभी कड, म्हणजे वळताना वाळूत रेघ धरता येते. आणि सगळ्यांतच हवा कमी, इतकी कमी की चाक उंटाच्या पावलासारखे पसरते. डांबरी रस्त्यावर असली चाके घातली तर गाडी दणके देत चालते आणि वल्ही पाहता पाहता झिजतात.

"आणि वर चढताना मध्येच थांबायचं नाही," चिरंजीव सांगत होते. "थांबायचंच असेल तर गाडीचं तोंड उताराकडे करून थांबायचं. म्हणजे निघताना वजनच मदतीला येतं."

दादा हे सगळे लक्ष देऊन ऐकत होते. ट्रॅक्टरच्या दुकानदाराचेही ते इतके ऐकत नाहीत. शेवटी म्हणाले, "म्हंजे तुमची रेती सोडून देते, अन् आपली माती सोडत नाई."

आमच्या भागाला खारपाणपट्टा म्हणतात. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांतून पूर्णेच्या दोन्ही अंगांनी तो पसरला आहे. जमिनीखालचे पाणी खारट आणि वरची माती काळी, चिकण, खोल. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पावसात तीच माती फुगते, भेगा मिटतात आणि मग तिच्यासारखी माया लावणारी वस्तू जगात दुसरी नाही. पांधणीने चालत गेले तर दहा पावलांत चपलेचे वजन दुप्पट होते. चाकाचेही तेच. टायरच्या दोन कड्यांमध्ये एकदा ही माती बसली की फिरता फिरता तिच्यावर थर चढतात आणि घटकाभरात चाकाचा लाडू होतो. कड्या आत बुजल्या, वर गुळगुळीत गोळा. तो मग जागच्या जागी फिरत राहतो. दिवाळीच्या तोंडावर हरभऱ्यासाठी रान तयार करायची घाई असते आणि परतीचा पाऊस नेमका तेव्हाच येतो.

या मातीचे शहाणपण आमच्या बैलांना उपजत आहे. बैलाचा खूर दुभंगलेला. पाय खाली गेला की तो फाकतो, वर काढताना मिटतो. त्यामुळे चिखल त्याला फार वेळ धरून ठेवू शकत नाही. उंटाचे पाऊल पसरट, बैलाचे दुभंगलेले! देवाने टायर निवडताना जमीन आधी पाहिली होती एवढे नक्की.

बंडीची चाके निवडणाऱ्या सुतारानेही ती पाहिली होती. आमच्या लहानपणी गावात सगळ्या बंड्या लाकडी चाकांच्या. बाभळीचा तुंबा, त्यात बसवलेले आरे, बाहेरून पाटे आणि पाट्यांवर लोखंडी धाव. धाव बसवण्याचा दिवस म्हणजे आम्हा पोरांना जत्रा. लोहार गोवऱ्यांच्या वर्तुळात धाव लाल होईतो तापवी. मग दोघेतिघे सांडशीने ती उचलून चाकावर घालीत, लाकडातून धूर निघे, ज्वाळा निघत, की लगेच घागरीने पाणी. चर्र आवाज होऊन धाव आवळे आणि सगळे आरे कडकड वाजत आपापल्या जागी घट्ट बसत. हे चाक उंच असे आणि धाव अरुंद. चिखल कापून ते खालच्या टणक थरापर्यंत जाई आणि तेथे टेकून चाले. चिखल चिकटायला त्याच्यावर जागाच फारशी नव्हती. पुढे हवेच्या टायरची बंडी आली. तिच्यात ओझे जास्त मावे, बैलांना रस्त्यावर हलकी जाई, सरकीची पोती बाजारात लवकर पोचत. पण पावसाळ्यात पांधणीत ती फसली म्हणजे लाकडी बंडीवाले कडेने पुढे जाताना मान वळवून पाहत. ते पाहणे अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे.

आमच्या वडिलांना चाकांचे वेड दिल्लीहून लागले. १९५९ च्या डिसेंबरात तेथे जागतिक कृषी प्रदर्शन भरले होते. त्याच्यामागे होते आपल्या पापळचे डॉ. पंजाबराव देशमुख, तेव्हाचे केंद्रातले कृषिमंत्री. मग वऱ्हाडातला शेतकरी घरी बसतो कशाला! वडील गावच्या चारदोघांबरोबर गेले. परत आल्यावर त्यांनी आयुष्यभर त्या प्रदर्शनाच्या ज्या गोष्टी सांगितल्या त्यांत यंत्रे थोडी आणि चाके फार. ट्रॅक्टरलाही आधी लोखंडी दात्यांची चाके असत. १९३२ साली अमेरिकेत ॲलिस-चाल्मर्स कंपनीने हवेच्या टायरचा ट्रॅक्टर विकायला काढला. शेतकरी विश्वास ठेवीनात, तेव्हा मोटारींच्या शर्यती जिंकणाऱ्या बार्नी ओल्डफील्डला त्यावर बसवून १९३३ मध्ये तो ताशी ६४ मैलांनी पळवून दाखवला. हे मी फार नंतर वाचले. वडिलांना ते ठाऊक असते तर त्यांनी आम्हाला झोपूच दिले नसते.

पण मुलाने टायरांचा हट्ट धरला होता तो गमतीसाठी नव्हे. दादांच्या ट्रॉलीत बाभळीचा एक ओंडका वर्षानुवर्षे पडलेला असे. ट्रॅक्टर चिखलात बसला की हा ओंडका मागच्या दोन्ही चाकांना पुढून आडवा साखळीने बांधायचा आणि गिअर टाकायचा. चाकांबरोबर ओंडका खाली जातो, त्यावर ट्रॅक्टर चढतो आणि बाहेर निघतो. निघतो तेव्हा निघतो. ओंडका अडकला तर मात्र चाक फिरायचे थांबते, इंजिनाचा जोर थांबत नाही. चाक फिरेना तर मग ट्रॅक्टरच चाकाभोवती फिरतो. पुढची चाके वर उठतात आणि माणसाला क्लच दाबायचे सुचण्याच्या आत अख्खे धूड मागे उलटते. शेजारच्या गावात असा एक माणूस गेला. त्या वेळी दादा तेथे होते. त्या दिवसाबद्दल ते बोलत नाहीत. तरी स्वतःच्या ट्रॉलीतला ओंडका त्यांनी काढला नव्हता. मुलाला ही गोष्ट वहिनींनी फोनवर सांगितली होती आणि तो तीन वर्षांनी जो आला तो मला वाटते लाडू-चिवड्यासाठी आला नव्हता.

वसुबारसेच्या दिवशी आम्ही तिघे अकोल्याला गेलो. दुकानदाराने आधी त्याच्याजवळचे सगळ्यांत उग्र टायर दाखवले. कड्या नेहमीच्या जवळजवळ दुप्पट उंच. भंडारा-गोंदियाकडे धानाच्या बांधीत चालतात ते. चिरंजिवांचे डोळे चमकले. वाळूच्या हिशेबाने त्यांना हेच वल्हे पसंत पडणार. दादांनी त्या कड्यांवरून हात फिरवला आणि म्हणाले, "बांधीत पानी रायते. धुऊन निघते ते. आमच्या इथं कोन धुवन? अन् आठ महिने मले कोरड्यात अन् डांबरीवर चालवाचा हाय, हे दिवाळीले घेतलं तं होळीले टक्कल." मग दुकानदाराकडे वळून, "भाऊ, चिखल धरनारं चाक मले नाई पाह्यजे. सोडनारं दाखवा."

सोडणारे चाक म्हणजे साधेच निघाले. कड्या पंचेचाळीस अंशांत तिरप्या, दोन कड्यांमध्ये भरपूर मोकळी जागा, मध्यभाग उघडा. बाणासारख्या या कड्यांचे टोक आधी जमिनीला टेकते आणि चिखल दोन्ही अंगांनी बाहेर ढकलला जातो. म्हणून टायर उलटा बसवला की चिखल आत कोंडतो. मागे उमटलेल्या ठशात बाणाचे टोक आलेल्या वाटेकडे दिसले पाहिजे. ही खूण मला ठाऊक नव्हती. तेव्हापासून रस्त्यावर ट्रॅक्टरचा ठसा दिसला की मी तो कुठून आला ते लोकांना सांगत असतो. दादा तर ठशावरून आणखीही वाचतात. कड्यांचे ठसे अगदी कोरीव उमटले तर ट्रॅक्टरवर वजन जास्त. सगळे पुसले गेले तर चाक घसरते आहे. कडा थोड्या मोडलेल्या दिसल्या की ठीक.

माप जुनेच ठेवले, १३.६-२८, म्हणजे टायरची रुंदी १३.६ इंच आणि आतल्या रिमचा व्यास २८ इंच. रुंद घ्या असा दुकानदाराचा आग्रह होता. दादांनी ऐकले नाही. राहिला पाण्याचा प्रश्न. मागच्या चाकांना वजन यावे म्हणून टायरमध्ये तीन चतुर्थांश पाणी भरतात. या मापाच्या एका चाकात सुमारे २०० लिटर बसते. वाळूत गाडी जितकी हलकी तितकी बरी, इथे मुद्दाम ओझे घालायचे! थंड देशांत ते पाणी गोठू नये म्हणून त्यात कॅल्शियम क्लोराइड कालवतात, असे चिरंजिवांनी सांगितले. आमच्या विहिरीत मीठ आधीच कालवलेले आहे. पण ट्यूब गळली की त्या खारट पाण्याने रिम सडते, म्हणून दादा नळाचे पाणी भरतात. प्यायला जे पाणी पुरवून वापरायचे तेच टायरला, म्हणून वहिनींची दरवेळी कुरकुर असते.

परतताना पूर्णेच्या पुलावर दादांनी गाडी थांबवायला सांगितली. खाली पात्रात वाळूचा एक पट्टा उघडा पडला होता. ते बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिले आणि मग मुलाला म्हणाले, "तुह्या गाडीचं इंजिन लहान हाय ना? मंग थोड्या वल्ह्याचंच घे. जास्त वल्हे घेतले तं चढावर दम तुटन, अन् तू मधातच थांबशीन." चित्रे पाहून रात्रभर त्यांनी हाच हिशेब केला असावा. मुलगा हसला. म्हणाला, "आणि बाबा, तुम्ही वाफसा आल्याशिवाय वावरात ट्रॅक्टर घालायचा नाही. फसलाच तर दुसरा ट्रॅक्टर बोलवायचा आणि साखळी खालच्या हुकालाच लावायची." बापाला वाफसा शिकवणारा मुलगा! एरवी दादांनी त्याला पुलावरून खाली टाकले असते. त्या दिवशी त्यांनी नुसती मान हलवली.

पाडव्याला नव्या टायरांना वहिनींनी हळदकुंकू लावले, चारही चाकांना सारखे. मागच्या दोघांना मात्र एकेक झेंडूची माळ जास्त. भाऊबीज आटोपून मुलगा निघाला. अकोल्याच्या स्टेशनवर गाडी यायला वेळ होता. दादांनी आपण होऊन विचारले, "थांबतानी तोंड उताराकडं ठेवतं ना रे?"

"हो बाबा. आणि तुमचा तो ओंडका?"

दादा रुळांकडे पाहू लागले. "तो कुठं रायला आता," म्हणाले. "नरकचतुर्दशीले तू ज्या पान्यानं आंघोळ केली, ते तुह्या मायनं त्याच्यावरच तापोलं."