गज खाली ठेवून

शेवटच्या काही मिनिटांत व्हायोलिनवाल्यांनी गज खाली ठेवले. मग चेलोवाल्यांनीही. एकेकानं छोटंसं काहीतरी धातूचं हातात घेतलं आणि सगळा वाद्यवृंद बारीक किणकिणू लागला. मुख्य वादक इतका वेळ ढोल, गाँग, मरिंबा यांच्यामध्ये नुसता धावत होता. तो आता सावकाश चालत अगदी मागे, लांब नळ्यांच्या घंटा टांगलेल्या होत्या तिथं गेला. रात्रीचे अकरा वाजून गेले होते, वीज दोनदा जाऊन आली होती आणि मी हे सगळं मोबाइलच्या वीतभर पडद्यावर बघत होतो. बघता बघता तोंडातून निघून गेलं, ‘अरे, हा तर काला!’

काल्याच्या कीर्तनाला आमच्याकडं असंच होतं. सप्ताहाचे सात दिवस टाळकरी वेगळे आणि ऐकणारे वेगळे. आठव्या दिवशी हंडी फुटायच्या सुमाराला ज्याच्या हाताला जो टाळ लागेल तो त्याचा. टाळ नसला तर टाळ्या. बायका मागच्या बाजूला बसल्याबसल्या हाताच्या बांगड्यांवर ठेका धरतात.

ही रचना जेम्स मॅकमिलन यांची. नाव ‘वेनी, वेनी, इमॅन्युएल’. मॅकमिलन स्कॉटलंडचे, जन्म १९५९ चा, एअरशर भागातल्या किलविनिंगचा, आणि वाढले कमनॉक नावाच्या कोळशाच्या खाणींच्या गावात. माणूस श्रद्धाळू कॅथलिक आहे आणि ते लपवत नाही. ख्रिस्तजन्माची वाट पाहण्याचे जे आठवडे असतात, त्यांतल्या पहिल्या रविवारी, १९९१ साली, त्यांनी हा तालवाद्याचा कॉन्चेर्टो लिहायला घेतला आणि १९९२ च्या ईस्टरच्या रविवारी हातावेगळा केला. एकादशीला धरायचं, द्वादशीला सोडायचं, ही रीत आम्हाला समजावून सांगावी लागत नाही. त्याच ऑगस्टमध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये तो पहिल्यांदा वाजला आणि तेव्हापासून जगभरात पाचशेहून जास्त वेळा वाजला आहे. आजच्या काळात लिहिलेल्या वाद्यवृंदाच्या रचनेला एवढं भाग्य क्वचित मिळतं. बऱ्याचशा एकदा वाजतात, टाळ्या घेतात आणि कपाटात जातात.

सगळी मिळून पंचवीस-सव्वीस मिनिटं. पायाला एका जुन्या लॅटिन स्तोत्राची चाल आहे, पण ती बराच वेळ तुकड्यातुकड्यानं येते. कुणाच्या तरी तोंडून अर्धी ओळ निसटावी आणि आपण पुढची आठवत राहावं, तशी. सुरुवातीची आदळआपट मला स्वतःला जरा जास्त वाटते. मॅकमिलन यांना मोठ्या आवाजाचा मोह आहे, असं माझं मत आहे आणि ते अजून बदललेलं नाही. पण त्या सगळ्या गदारोळाच्या खाली एक ठोका चालू असतो. दोन-दोनचा. हृदयाचा. तो कधी ढोलात असतो, कधी तारवाद्यांत, कधी नुसता आहे असं वाटतं. ख्रिस्ताचं माणूस म्हणून इथं असणं म्हणजे तो ठोका, असं मॅकमिलन यांनीच सांगितलेलं आहे.

ठोक्यावरून नाना आठवले.

नाना आमच्या गावात विहिरी खोदायचे. बालाघाटाच्या डोंगरावरचं गाव; वर वीतभर माती आणि खाली काळा पाषाण. पाणी पाहिजे तर सुरुंगाशिवाय इलाज नाही. ऐन तारुण्यात एका विहिरीवर बार लवकर उडाला आणि नानांचे दोन्ही कान गेले. जिवानिशी वाचले म्हणून सगळ्यांनी मारुतीला नारळ फोडला आणि नाना पुढची चाळीस वर्षं बहिरे जगले. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे हातवारे. ते मात्र मोठ्यानं, सगळ्या आळीला ऐकू जाईल असं बोलायचे.

सप्ताहात नाना एक दिवसही चुकायचे नाहीत. काकड्याला हजर, हरिपाठाला हजर, रात्रीच्या कीर्तनाला तर सगळ्यांच्या आधी. वीणेचा पहाराही मागून घ्यायचे, तोही पहाटे दोन ते चारचा, जेव्हा जागरवाल्यांच्याही माना कलंडलेल्या असतात. वीणा सात दिवस भुईला टेकवायची नसते. नाना ती छातीशी धरून उभे राहायचे, तारेवर बोट आणि डोळे मिटलेले. आम्ही पोरं हसायचो. ऐकू येत नाही तर येतात कशाला, असं एकदा मी आजीला विचारलं. तिनं उत्तर दिलं नाही, शेंगांचं सूप पुढं सरकवलं.

मंदिराच्या मंडपाला सागवानी खांब होते. त्यांतल्या एकाला पाठ लावून पखवाजवाले बसायचे, आणि त्याच खांबाच्या पलीकडच्या अंगाला नाना. पाठ टेकलेली, दोन्ही तळवे भुईवर पसरलेले. पखवाजवाले बापू कीर्तनाआधी परातीत कणीक भिजवून घ्यायचे. पखवाजाच्या उजव्या पुडीवर शाई कायमची असते, डाव्या पुडीवर मात्र दर वेळी ताजी कणीक थापावी लागते आणि वाजवून झालं की खरवडून काढावी लागते. कणीक किती घ्यायची, किती घट्ट मळायची, कुठं थापायची, यावर त्या डाव्या अंगाचा सगळा घुमार ठरतो. जास्त झाली तर आवाज बसतो, कमी झाली तर पुडी मडक्यासारखी बोलते. बापू थापायचे, तळव्यानं एक थाप द्यायचे, कान लावायचे, चिमूटभर काढायचे, पुन्हा थाप. आम्ही त्या काढलेल्या कणकेच्या गोळ्या करून एकमेकांना मारायचो आणि बोलणी खायचो.

एका वर्षी तिसऱ्या की चौथ्या रात्री कीर्तन चांगलं रंगलं होतं. महाराज पंढरपूरकडचे, नावाजलेले. पहिला अभंग संपून चाल द्रुत झाली आणि नाना एकदम ओरडले, “बापू, कणीक सैल हाय! खांबात उतरंना!” मंडप हसला. महाराजांनी टाळ थांबवला, तेही हसले. बापू हसले नाहीत. त्यांनी पखवाज उभा केला, डावी पुडी बोटांनी चाचपली आणि शेजारच्या पोराला खुणेनं कोरडं पीठ आणायला लावलं. सगळं कीर्तन त्या मळण्यासाठी थांबलं. मग पुन्हा थाप पडली आणि नानांनी डोळे मिटून मान हलवली. त्या रात्री त्या मंडपात, माझ्यासकट, कान शाबूत असलेली दोन-तीनशे माणसं बसलेली होती.

पुढं मंडपात काँक्रीटचे खांब आले. फरशी आली. मग चार-चार पेट्यांचे स्पीकर आले, पखवाजापुढं माइक आला आणि सप्ताहाचा आवाज शेजारच्या तीन गावांना पोचू लागला. मला तो आवाज आवडत नाही. कानाला लागतो, पाठीला लागत नाही. नाना तोवर गेले होते.

‘वेनी, वेनी, इमॅन्युएल’ ज्यांच्यासाठी लिहिलं, त्या एव्हलिन ग्लेनी अ‍ॅबर्डीनशरच्या एका शेतावर वाढल्या. बाराव्या वर्षापर्यंत त्यांचे कान जवळजवळ पूर्ण गेले होते. त्या अनवाणी वाजवतात.

पखवाजाचा विषय निघालाच आहे, तर आमच्याकडं अंबाजोगाई तालुक्यात आपेगाव आहे. पैठणजवळचं, ज्ञानेश्वरांचं, ते वेगळं, हे पखवाजाचं. शंकरबापू आपेगावकर याच गावचे. वारकरी भजनाच्या पंगतीत तयार झालेला त्यांचा हात पुढं मैफलींच्या व्यासपीठावर गेला, १९८६ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्यांचे चिरंजीव उद्धवबापूंनी तो वारसा पुढं नेला. आमच्या भागात पोरगं ताटावर बोटं वाजवू लागलं की आई रागावते, पण आजोबा विचारतात, आपेगावला धाडायचं का? आमच्या बीड जिल्ह्याचं नाव बाहेर निघतं ते ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्यांवरून आणि दुष्काळावरून. पखवाजावरूनही निघायला हरकत नाही.

मॅकमिलन यांचं मला सगळ्यात जास्त आत लागलेलं काम मात्र वेगळंच आहे. इझोबेल गौडी नावाची एक स्कॉटिश बाई. १६६२ साली तिच्याकडून चेटकीण असल्याचा कबुलीजबाब घेतला गेला. तिच्यावर मॅकमिलन यांनी वाद्यवृंदासाठी रचना केली. १९९० मध्ये लंडनच्या प्रॉम्स महोत्सवात ती पहिल्यांदा वाजली आणि तिशीतल्या या माणसाचं नाव एका रात्रीत झालं. तिला कधी न मिळालेलं अंत्यस्तोत्र म्हणजे ही रचना, असं ते म्हणतात. सुरुवातीच्या भागात तारवाद्यं, बायका मयतावर रडताना सूर जसा वर चढून घसरतो तशी. मधे घण पडावेत तसे आघात. आणि शेवटी सगळा वाद्यवृंद एकाच स्वरावर येतो. एकच स्वर, वाढत जाणारा, वाढत जाणारा, अंगावर येणारा, आणि बंद. आपल्याकडं डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा आला. कायदा हवाच होता. भानामती केली म्हणून गावानं वाळीत टाकलेल्या, मारलेल्या आपल्याकडच्या बायांसाठी असा एक षड्ज मला ऐकायचा आहे.

‘क्रुसावरील सात अंतिम वचनं’ ही त्यांची आणखी एक मोठी रचना, गायकवृंद आणि तारवाद्यांसाठी. १९९४ च्या पवित्र सप्ताहात बीबीसीनं ती दूरचित्रवाणीवर दाखवली, रोज रात्री एक वचन, सलग सात रात्री. सात रात्रींचा हिशेब पुन्हा आमच्याकडचाच. २०२२ च्या सप्टेंबरात राणी एलिझाबेथच्या अंत्यसंस्काराचं प्रक्षेपण आपल्यापैकी पुष्कळांनी चहा पीत पाहिलं असेल. त्यात वेस्टमिन्स्टर ॲबेत गायलं गेलेलं एक नवं गीत याच माणसाचं होतं. तेव्हा मला हे नाव ठाऊक नव्हतं आणि मी टोप्या बघत होतो.

कमनॉकमध्ये मॅकमिलन यांचे आजोबा, आईचे वडील, खाणकामगार होते. दिवसा कोळसा आणि संध्याकाळी खाणीच्या बँडमध्ये युफोनियम. रविवारी चर्चच्या गायकवृंदात. नातवाच्या हातात पहिलं पितळी वाद्य त्यांनीच दिलं. खाणी बंद पडल्या, गाव उतरणीला लागलं. नातू, पुढं ‘सर’ झालेला, जगभर फिरला आणि २०१४ साली त्यानं त्याच कमनॉकमध्ये एक संगीत महोत्सव सुरू केला. मोठमोठे वादक तिथं येतात आणि त्यांच्याबरोबर गावातली मंडळीही गातात. सगळ्या रचना बाजूला ठेवल्या तरी एवढ्यासाठी मी त्यांना मानतो.

आता अंबाजोगाईकडं बघा. सोळाव्या शतकातले दासोपंत इथलेच. बापाकडून सरकारी वसूल थकला म्हणून बीदरच्या बादशहानं पोराला ओलीस धरलं, मुदत भरत आली तेव्हा दत्त स्वतः ‘दत्ताजी पाडेवार’ होऊन रक्कम भरून गेले, ही कथा आमच्याकडं लहान मुलालाही येते. कागद पुरेना म्हणून असेल किंवा कागद टिकत नाही म्हणून, त्यांनी लांबलचक कापडी पासोडीवर ‘पंचीकरण’ लिहून काढलं. ती पासोडी अंबाजोगाईत आहे आणि बाहेरगावचे पाहुणे ती बघून चकित होऊन जातात. तिच्यापुढं त्यांची पदं मागं पडली. ‘पदार्णव’ नाव त्या संग्रहाचं. परंपरा सव्वा लाख पदं सांगते. आकडा सोडून द्या. हाताशी आहेत ती शेकड्यांनी आहेत, गाण्यासाठी लिहिलेली आहेत, मराठीबरोबर इतर भाषांतही आहेत, आणि दासोपंतांच्या उत्सवाबाहेर मला ती फारशी ऐकू येत नाहीत. माघ वद्य षष्ठीला त्यांची पुण्यतिथी असते.

तर अंबाजोगाईतल्या, बीडमधल्या, परळी-केजमधल्या, पेटी-तबला शिकणाऱ्या मुलामुलींनो, एक पद उचला. पुस्तकातली चाल सापडली तर ती घ्या, नाही सापडली तर नवी लावा. आपेगावचा एखादा पखवाजवाला बरोबर घ्या. शेवटच्या कडव्याला समोर बसलेल्यांच्या हातात टाळ द्या. माइक शक्यतो नको. आणि पहिला कार्यक्रम पुण्यात करू नका.