गाडी वेशीबाहेर ठेवून




मध्य इटलीतली जुनी गावे डोंगरमाथ्यावर वसली, कारण खाली राहणे परवडणारे नव्हते. रोमन साम्राज्याची घडी विस्कटल्यावर सपाटीवरच्या रस्त्यांना राखणदार उरला नाही, आणि नदीकाठच्या दलदलीत हिवतापाचा कायमचा मुक्काम होता. सिएनाच्या पूर्वेकडचे कियाना खोरे तर अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत पद्धतशीर निचरा होईपर्यंत पाणथळच राहिले. ओर्व्हिएतो, पेरुजा, कोर्तोना, व्होल्तेरा या जागा रोमनांच्याही आधीच्या, एत्रुस्कन लोकांनी हेरलेल्या. उंचीने संरक्षण दिले, मोकळा वारा दिला; पाणी मात्र दिले नाही आणि वाढायला जागाही दिली नाही. सह्याद्रीतले गड पाहिलेल्या माणसाला कडा, तट, दरवाजे ओळखीचे वाटतील. पण गडावर शिबंदी असे आणि तिचे पोट खालच्या मुलुखावर चाले. इथे बाजार, न्यायालय, पेढी, देवळे असे अख्खे शहरच वर चढलेले आहे. ज्या चढाने शत्रूला दमवले तोच आता मोटारीला अडवतो. सहलीची आखणी याच एका गोष्टीभोवती करावी लागते.

बहुतेक गावांचा तटाआतला भाग बाहेरच्या गाड्यांना बंद असतो. पांढऱ्या फलकावर लाल वर्तुळ आणि ‘झेडटीएल’ ही अक्षरे दिसली की तिथेच थांबायचे. फलकावर ‘वार्को आत्तीवो’ असे उजळले असेल तर बंदी चालू आहे आणि कॅमेरा जागा आहे. कोणी शिट्टी मारत नाही, कोणी अडवत नाही. दंडाची नोटीस काही महिन्यांनी भाड्याच्या गाडीच्या कंपनीमार्फत घरी येते, वर कंपनीचे हाताळणी शुल्क वेगळे. चुकून दोनदा आत शिरले तर दंडही दोनदा. हॉटेल तटाच्या आत असेल तर गाडीचा नंबर त्यांना आधी कळवावा लागतो. पार्किंगच्या निळ्या रेघा म्हणजे पैसे भरून, पांढऱ्या म्हणजे बहुधा फुकट, पिवळ्या राखीव. भारतीय लायसन्ससोबत आपल्या आरटीओकडून काढलेले आंतरराष्ट्रीय परमिट हवेच. गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायची असते. दीड मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला वेगळे आसन सक्तीचे आहे, आणि गिअर न बदलावी लागणारी गाडी हवी असेल तर ती आधीच सांगून ठेवावी लागते. टोलनाक्यावर पिवळ्या ‘टेलेपास’ रांगेत शिरू नये, एवढे पथ्य पाळले की मोटरवे सोपा आहे. फ्लॉरेन्सहून सिएनाला जाणाऱ्या जलदमार्गाला टोलच नाही.

या रस्त्यावर सिएनाच्या अलीकडे मोंतेरिज्जोनी लागते. सिएनाने फ्लॉरेन्सच्या रोखाने तेराव्या शतकाच्या आरंभी बांधलेले हे ठाणे म्हणजे चौदा बुरुजांचे एक कडे, आत दोन-चार गल्ल्या. दान्तेने नरकातल्या राक्षसांची उपमा याच बुरुजांवरून घेतली. मुलांना तटावर चालता येते. तासाभरात गाव संपते.

सिएनाला मात्र घाईघाईत उरकू नये. 1287 ते 1355 या काळात इथे नऊ जणांच्या मंडळाचे राज्य होते. मुख्य चौकाची विटांची फरसबंदी पंख्यासारखी नऊ पट्ट्यांत पसरते, ती त्या नवांची खूण. चौक सपाट नाही. सगळा उतार नगरपालिकेच्या राजवाड्याकडे झुकतो, आणि संध्याकाळी माणसे त्या तापलेल्या विटांवर सरळ पाय पसरून बसतात. राजवाड्यात नवांच्या बैठकीच्या दालनात आम्ब्रोज्जो लोरेन्झेत्तीने 1338-39 मध्ये चांगल्या आणि वाईट राज्यकारभाराची चित्रे रंगवली. चांगल्या राज्यात गवंडी घर बांधताहेत, गाढवांवर ओझी येताहेत, वेशीबाहेर शेतात मळणी चालली आहे. वाईट राज्यात सैनिक आणि ओसाड शिवार. निर्णय घेणाऱ्यांनी डोके वर केले की समोर परिणाम दिसावेत अशी ही सोय. इटलीतल्या कितीतरी मोठ्या देवळांपेक्षा हे एक दालन अधिक काही शिकवते.

सिएनाजवळ नदी नाही. म्हणून मध्ययुगात शहराखाली बोगदे खोदून दूरच्या टेकड्यांतला झिरपा गोळा केला गेला. ‘बोत्तिनी’ नावाच्या या भूमिगत पाटांचे जाळे सुमारे 25 किलोमीटर लांब आहे. मुख्य चौकात पाणी पोहोचले ते 1342 मध्ये, आणि तिथले कारंजे अजूनही याच पाटांवर चालते. नंतर सहाच वर्षांत, 1348 मध्ये, प्लेग आला. त्या वेळी कॅथेड्रलची अशी वाढ चालू होती की उभे असलेले देऊळ नव्याचा नुसता आडवा हात ठरावे. माणसे गेली, पैसा आटला, काम थांबले. नियोजित देवळाची एकच प्रचंड भिंत आजही रिकाम्या जागेत उभी आहे. तिकीट काढून तिच्या माथ्यावर जाता येते आणि शहराचा उत्तम नजारा तिथूनच दिसतो. 1555 मध्ये दीर्घ वेढ्यानंतर सिएना शरण गेले आणि पुढे फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्याच्या सत्तेखाली आले. त्यानंतर मोठे काही बांधायचे कारण उरले नाही. प्रवासी ज्याला जपलेले मध्ययुग म्हणून दाद देतात ते पुष्कळ अंशी हरलेल्या आणि खंगलेल्या शहराचे शिल्लक राहिलेले रूप आहे.

शहराचा जोम तेवढा आळ्यांत टिकला. सिएनात सतरा ‘कोंत्रादा’ म्हणजे आळ्या आहेत: हंस, गोगलगाय, कासव, साळिंदर अशी त्यांची चिन्हे. 2 जुलै आणि 16 ऑगस्टला चौकात होणाऱ्या पालिओ शर्यतीत एका वेळी दहाच आळ्यांचे घोडे धावतात. घोड्याला आळीच्या देवळात नेऊन आशीर्वाद दिला जातो, खोगीर नसते, आणि स्वार पडला तरी मोकळा घोडा पहिला आला तर आळी जिंकते. तीन फेऱ्यांचा हा सारा मामला दीड मिनिटाच्या आत आटोपतो. लहान मुले बरोबर असतील तर त्या दिवशी चौकाच्या मधल्या गर्दीत न शिरणेच शहाणपणाचे: तासन्‌तास उन्हात उभे राहावे लागते आणि मधून बाहेर पडता येत नाही.

हरून जुन्या रूपात राहिल्याची सिएनाची गत सान जिमिन्यानोचीही झाली. रोमकडे जाणाऱ्या यात्रेकरूंच्या वाटेवरचे, केशराच्या व्यापारावर गब्बर झालेले हे गाव. श्रीमंत घराण्यांनी एकमेकांवर कुरघोडी करायला मनोरे उभारले. एके काळी ते बहात्तर होते असे सांगतात, आज चौदा आहेत. प्लेगनंतर 1353 मध्ये गाव फ्लॉरेन्सच्या हाताखाली गेले. दुपारी इथे पाय ठेवायला जागा नसते; सकाळी लवकर किंवा बसगाड्या परतल्यावर जावे.

सिएनाच्या दक्षिणेला ओर्चा खोऱ्यात देखावा बदलतो. चिकणमातीचे उघडे उतार, गव्हाची शेते, वळणावर सरूच्या रांगा. इथले पिएन्झा हे गाव हुकमाने घडलेले आहे. एनेआ सिल्व्हिओ पिक्कोलोमिनी 1458 मध्ये दुसरा पायस या नावाने पोप झाला आणि त्याने आपले जन्मगाव कोर्सिन्यानो नव्याने बांधायला काढले. बेर्नार्दो रोस्सेल्लिनो या स्थपतीने तीनेक वर्षांत देऊळ, वाडा, चौक उभे केले आणि 1462 मध्ये गावाला पोपचे नाव मिळाले. खर्च अंदाजाच्या कितीतरी पुढे गेला. तरी पोपने आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे की स्थपतीने खोटा अंदाज दिला हे बरेच झाले, नाहीतर काम झालेच नसते. बिचाऱ्या पोपला ते फार काळ भोगता आले नाही. 1464 मध्ये तो वारला. देवळाची मागची बाजू खचणाऱ्या उतारावर आहे. आत गेल्यावर गाभाऱ्याकडे जाताना जमीन पायाला उतरती लागते आणि भिंतींतल्या भेगा नुसत्या डोळ्यांनी दिसतात.

पूर्वेला उंब्रिया प्रांतात पेरुजा आहे, आणि चढाचा प्रश्न तिथे सर्वांत गमतीने सुटला आहे. 1540 मध्ये मिठावरच्या करावरून शहराने पोपविरुद्ध बंड केले. तिसऱ्या पॉलने ते मोडले, बंडात पुढे असलेल्या बाल्योनी घराण्याची आळी पाडली आणि तिच्या गल्ल्यांवर कमानी टाकून वर किल्ला रचला. पुढे 1860 नंतर लोकांनी चिडून किल्ला उतरवला. खालच्या गाडलेल्या गल्ल्या राहिल्या. 1983 पासून त्यांतूनच सरकते जिने जातात. खालच्या वाहनतळावर गाडी लावायची आणि सोळाव्या शतकात गाडलेल्या घरांच्या दारांसमोरून उभ्याउभ्या शहरात निघायचे. गुडघे धरलेल्या माणसाला ही गावे पाहता येतात ती अशा सोयींमुळे. सिएना आणि ओर्व्हिएतोलाही सरकते जिने आहेत.

पेरुजाच्या उत्तरेला, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, मोंतोने हे छोटे गाव आहे. पर्यटकांच्या पुस्तकात त्याला चार ओळी मिळतात, त्याही ब्राच्चो फोर्तेब्राच्चो या पंधराव्या शतकातल्या भाडोत्री सेनापतीसाठी. मराठी माणसाने इथे थांबायला दुसरे कारण आहे. 10 जुलै 1944 रोजी याच खोऱ्यात पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीचे नाईक यशवंत घाडगे यांची तुकडी मशीनगनच्या जवळच्या माऱ्यात सापडली. त्यांच्याखेरीज सगळे ठार किंवा जखमी झाले. घाडगे एकटे धावून गेले, बॉम्ब टाकून मशीनगन बंद पाडली, तिच्यावरच्या एकाला गोळी घातली आणि काडतुसे बदलायला वेळ नसल्याने उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने लोळवले. लगेच लपलेल्या नेमबाजांनी त्यांना टिपले. वय बावीस. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावात त्यांचा पुतळा आहे. मोंतोनेत 2023 पासून त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचे स्मारक आहे. डोंगरमाथ्यावरून शत्रू खालच्या वाटा कशा धरून बसत असे, हे इथल्या कोणत्याही वळणावर उभे राहिले की समजते.

दक्षिणेला उतरताना ओर्व्हिएतो. ज्वालामुखीच्या राखेतून झालेल्या मऊ खडकाचा हा उभा कडा. रेल्वे स्टेशनापासून वर जायला दोरखंडाची गाडी आहे. 1527 मध्ये रोमची लूट झाल्यावर सातवा क्लेमेंट पोप इथे आश्रयाला आला आणि वेढा पडला तर पाण्याचे काय, या धास्तीने त्याने विहीर खोदवली. धाकटा आन्तोनिओ दा सांगाल्लो या स्थपतीने ती सुमारे 53 मीटर खोल नेली आणि भोवती दोन स्वतंत्र चक्री जिने असे गुंफले की खेचरे एकाने रिकामी उतरावीत आणि दुसऱ्याने पाणी घेऊन चढावीत, वाटेत कुठेही समोरासमोर येऊ नयेत. प्रत्येक जिन्याला 248 पायऱ्या, खेचरांच्या पावलाला जुळतील अशा रुंद आणि बुटक्या. आतल्या भिंतीतल्या सत्तरेक खिडक्यांतून विहिरीचा उजेड जिन्यावर येतो. काम 1537 मध्ये संपले, तोवर क्लेमेंट वारून तीन वर्षे झाली होती. मुलांना कॅथेड्रलपेक्षा ही विहीर जास्त आवडते, आणि त्यांचे चुकत नाही.

जवळच्या चिव्हिता दि बान्योरेज्जोला असाच खडक आहे, पण खाली चिकणमाती. पावसाने माती वाहते, वरचा खडक तुटतो, कडेची घरे दरीत जातात. 1695 च्या भूकंपानंतर वस्ती पांगली. आता मोजकी माणसे राहतात आणि गावात जायला फक्त पादचाऱ्यांचा लांब पूल आहे. 2013 पासून प्रवेशशुल्क घेतात. पुलाचा शेवटचा चढ खडा आहे आणि त्यावर सावली नाही.

जेवणाचे वेळापत्रक सांभाळावे लागते. दुपारी अडीचला स्वयंपाकघर बंद होते ते साडेसातपर्यंत उघडत नाही. सिएनाकडच्या तोस्काना प्रांतातला पाव अळणी असतो. हाताने वळलेल्या जाड ‘पिची’ शेवया टोमॅटो-लसणाच्या रश्शात मिळतात आणि पाव-घेवड्याचे ‘रिबोल्लिता’ सूपही, मात्र त्यात मांसाचे पाणी नाही ना हे विचारून घ्यावे. पिएन्झाचे मेंढीच्या दुधाचे चीज बहुधा प्राण्याच्या विरजणाने लावलेले असते, तेव्हा कडक शाकाहारी मंडळींनी ते टाळावे. शेतघरात खोल्या घेतल्या तर बहुधा चूलही मिळते. वरण-भाताची सोय होते आणि गाडी दारात उभी राहते. एका शेतघरातून तीन-चार गावे करावीत, रोज सामान उचलू नये. ऑगस्टमध्ये ऊन फार आणि 15 तारखेच्या सणाच्या आसपास पुष्कळ दुकाने बंद; एप्रिल-मे किंवा सप्टेंबरचा उत्तरार्ध बरा.