खिळ्यांत जपलेला शब्द

काँगो नदीच्या मुखापासून सुमारे १०० किलोमीटर आत गेले की बोमा हे जुने बंदर लागते. नदीच्या या खालच्या खोऱ्यात कोंगो समाज पिढ्यान्‌पिढ्या राहत आला आहे. त्यांच्या लाकडी मूर्ती आज जगातील मोठमोठ्या संग्रहालयांत आहेत. त्यांतली सर्वांत प्रसिद्ध म्हणजे ‘न्किसी न्कोंडी’. अंगभर लोखंडी खिळे आणि पाती ठोकलेली ही मूर्ती पाहून अनेकांना जादूटोण्याची शंका येते. प्रत्यक्षात ती गावाची साक्षीदार होती.

मूर्तिकार कोरत असे ते नुसते लाकूड. त्यात शक्ती आणण्याचे काम ‘न्गांगा’चे. हा समाजातला जाणता पुरुष मूर्तीच्या पोटातील पोकळीत औषधी वनस्पती, थडग्याजवळची माती अशा वस्तू भरी आणि तोंड आरशाच्या तुकड्याने बंद करी. आपल्याकडच्या प्राणप्रतिष्ठेची आठवण व्हावी, असाच हा विधी.

मग मूर्ती कामाला लागे. दोन घरांतले भांडण मिटले, दोन गावांत तह झाला की मूर्तीसमोर शपथ घ्यायची आणि खिळा ठोकायचा. कधी कधी शपथ घेणारा तो खिळा आधी जिभेला लावी, म्हणजे शब्द कोणाचा हे मूर्तीने ओळखावे. न्कोंडी म्हणजे शिकारी. शब्द मोडणाऱ्याचा तो माग काढतो, ही श्रद्धा. जिथे कागद नव्हता, तिथे खिळा हीच सही होती.

१८७८ मध्ये बोमाच्या प्रमुखांशी झालेल्या संघर्षात अलेक्झांडर डेलकम्यून या बेल्जियन व्यापाऱ्याने अशी एक मूर्ती उचलून नेली. ने कुको या प्रमुखाने ती परत मागितली, मिळाली नाही. पुढे ती ब्रसेल्सजवळच्या तर्व्युरेन येथील संग्रहालयात जमा झाली. अनेक मूर्ती मिशनऱ्यांनी सैतानी ठरवून जाळल्या.

वसाहतकाळात नेलेल्या वस्तू परत करता याव्यात म्हणून बेल्जियमने २०२२ मध्ये कायदा केला. मूर्ती परत नेता येते. पण कोणता खिळा कोणाच्या शब्दाचा, हे सांगणारी माणसे केव्हाच गेली. युरोपीय व्यापाऱ्याला ती लुटीतली एक वस्तू वाटली. बोमाच्या लोकांचे मात्र त्या दिवशी सारे दप्तरच गेले होते.