वसईच्या वाडीतला एक उन्हाळा

वाचकहो, मुंबईहून अहमदाबादच्या दिशेने जाणाऱ्या गाडीत आपण कधी बसला असाल, तर वसईची खाडी ओलांडताना खिडकीतून मिठागरे अवश्य पाहिली असतील. पुढे वसई रोड, नालासोपारा, विरार ही स्थानके एकामागून एक येतात आणि प्रवाशाच्या नजरेस इमारतींवाचून दुसरे काही पडत नाही. २०११ च्या जनगणनेत येथील महानगरपालिकेच्या हद्दीत बारा लाखांवर माणसे मोजली गेली. गाडीतून दिसते ती वसई एवढीच. पण स्थानकावर उतरून पश्चिमेच्या बाजूस वळावे, रिक्षाने गास, निर्मळ किंवा नंदाखालचा रस्ता धरावा, म्हणजे थोड्याच वेळात हवेचा स्पर्श बदलतो. दुतर्फा केळीच्या बागा लागतात, आंब्या-फणसांच्या सावलीत कौलारू घरे दिसतात, वळणावळणावर चुन्याने रंगविलेला क्रूस उभा असतो. उत्तरेस वैतरणा, दक्षिणेस उल्हास नदीची खाडी आणि पश्चिमेस अरबी समुद्र यांनी वेढलेला हा हिरवा पट्टा म्हणजेच माझे माहेर.

लग्नानंतर मी वडोदऱ्यास राहू लागले त्याला आता बरीच वर्षे झाली. तरी मे महिना उजाडला की मुलांना घेऊन वसई गाठावयाची, हा नेम सहसा चुकलेला नाही. आम्ही सामवेदी ख्रिस्ती. आम्हांला कुपारी असेही म्हणतात, आणि घरात आम्ही कादोडी बोलतो. वडोदऱ्याच्या शाळेत गुजराती, घरी मराठी व आजोळी कादोडी, अशा तीन भाषांत माझ्या मुलांचे बालपण चालले आहे. आजीपाशी गेल्यावर पहिले दोन दिवस ती दोघे अडखळतात. तिसऱ्या दिवशी तिच्याच हेलात भांडू लागतात.

२०२५ चा उन्हाळा मात्र आमच्या घराला नेहमीसारखा नव्हता. थोरली अकरा वर्षांची मुलगी प्रथमच पाच दिवस घराबाहेर, चर्चच्या उन्हाळी शिबिरात राहावयास जाणार होती. धाकट्या नऊ वर्षांच्या मुलाचा प्रथम ख्रिस्तप्रसाद व्हावयाचा होता. आणि ज्या वाडीत हे सारे घडावयाचे, तिचा एक तुकडा विकण्याचे दादाच्या मनात होते. तिसरी गोष्ट आम्हांला तेथे पोचल्यावर कळली.

प्रथम शिबिराचे सांगते. वसईच्या गावोगावच्या चर्चमध्ये मेच्या सुटीत मुलांसाठी अशी शिबिरे भरतात. सकाळी प्रार्थना, मग गाणी, बायबलमधील एखाद्या कथेवर बसविलेले नाटुकले, दुपारी हस्तकला, उन्हे कलल्यावर मैदानावर व्हॉलीबॉल. पहिल्या रात्री मुलीने ताईंच्या फोनवरून मला हाक मारली आणि "आई, येथे पंख्याचा फार आवाज होतो," एवढेच म्हणाली. मी काय ते समजले. दुसऱ्या रात्री फोन आला नाही, आणि त्या रात्री झोप मला लागली नाही.

तिसऱ्या दिवशी मुलांना किल्ला दाखविण्यास नेले होते. सोबत म्हणून आम्ही चार-पाच पालकही गेलो. वसईचा किल्ला पाहावयाचा असेल तर सकाळी आठच्या आत पोचावे, नाहीतर उन्हाने डोके तापते. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशाहाने वसई पोर्तुगिजांस दिली, आणि मग तटाच्या आत एक नगरच वसले. आज तेथे छपरे उडालेली चर्चे, झाडांच्या मुळांनी कवटाळलेल्या कमानी आणि फ्रान्सिस्कन मठाच्या चर्चमध्ये जमिनीत बसविलेल्या कबरींच्या कोरीव शिळा आहेत. गोन्सालो गार्सिया हा याच वसईत १५५७ च्या सुमारास जन्मलेला मुलगा. वडील पोर्तुगीज, आई इकडची. तो जपानला गेला, फ्रान्सिस्कन बंधू झाला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे पंचवीस सोबत्यांसह क्रूसावर मारला गेला. १८६२ मध्ये त्याला संतपद मिळाले. त्या ठिकाणी मुले अगदी गप्प होती.

चिमाजी अप्पांच्या मोहिमेची हकिकत मात्र त्यांनी गलका करीतच ऐकली. दोन वर्षे लढाई चालून मे १७३९ मध्ये किल्ला मराठ्यांच्या हाती आला. चर्चमधील घंटा विजयचिन्हे म्हणून देशावर नेण्यात आल्या, आणि त्यांतील काही अद्याप देवळांत वाजतात. वाईजवळ मेणवलीच्या घाटावर जी मोठी घंटा टांगलेली आहे, तिच्यावर मरिया आणि बाळ येशू यांची आकृती असून १७०७ हा सन आहे. आपण कधी त्या बाजूस गेलात तर घंटेखाली उभे राहून जरूर पाहा.

हे ऐकून घरी आलेल्या मुलीने रात्री आजीला विचारले, "आजी, त्या लढाईत आपण कोणाच्या बाजूचे होतो?"

माझी आई लाल लुगडे नेसणाऱ्या शेवटच्या पिढीतील. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, "आपण वाडीत केळीला पाणी देत होतो."

इतिहासाच्या पुस्तकांत असे उत्तर सापडावयाचे नाही. तरी सांगते, मला ते पटले.

मुलाचा प्रथम ख्रिस्तप्रसाद दुसऱ्या रविवारी झाला. धर्मशिक्षण त्याने वडोदऱ्यास पूर्ण केले होते; तेथील फादरांचे पत्र आम्ही बरोबर आणले होते. आमच्यात हा संस्कार साधारण आठ-नऊ वर्षांच्या मुलांवर होतो. मुले पांढऱ्या पोशाखात, हाती मेणबत्ती घेऊन रांगेने येतात, आणि त्या दिवशी प्रत्येक आजी आपलाच नातू सर्वांत गंभीर दिसतो असे मानते. आईच्या लहानपणी मिस्सा लॅटिनमध्ये होत असे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' मराठी ओव्यांत १६१६ मध्येच छापले गेले होते. तरी वेदीवरची भाषा बदलण्यास दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेची, म्हणजे १९६२ ते १९६५ या वर्षांची, वाट पाहावी लागली. लॅटिन प्रार्थना आईला आजही तोंडपाठ आहेत. अर्थ विचारला की ती म्हणते, "तो देवाला ठाऊक होता."

त्याच दिवशी सायंकाळी मुलगा मामाला म्हणाला, "मामा, आता मी मोठा झालो. आता मला बावखलात उतरव."

वाचकहो, बावखल हा शब्द आपणांस नवा असेल. वाडीत खोल खणलेला तो एक तलाव असतो. काठावर नारळ-आंब्याची गर्दी, पायऱ्या ओबडधोबड. पावसाचे पाणी त्यात साठते, हळूहळू जमिनीत मुरते, विहिरींना गोडे पाणी देते आणि समुद्राचे खारे पाणी दूर लोटून धरते. पूर्वी काठावर बैलांचा रहाट फिरे व पाटाने पाणी केळीला, पानवेलीला जाई. पुढे पंप आले. या पाण्यावरच ही सगळी हिरवाई उभी आहे. आगाशीची जी सुकेळी मुंबईच्या बाजारात कौतुकाने घेतली जातात, ती राजेळी केळीही याच पाण्यावर पोसलेली.

आम्ही सारी भावंडे याच बावखलात पोहावयास शिकलो. दादाने तोंडाला डाख देऊन बंद केलेला पत्र्याचा डबा माळ्यावरून काढला, सुंभाने मुलाच्या पाठीशी बांधला आणि त्याला पाण्यात सोडले. पहिल्या दिवशी मुलाने किंकाळ्या फोडल्या. दुसऱ्या दिवशी हातपाय मारले. चौथ्या दिवशी मोठा डबा जाऊन लहान आला. आठव्या दिवशी दादाने तोही सोडला व स्वतः गळ्याइतक्या पाण्यात जाऊन उभा राहिला. मेमुळे पाणी ओसरले होते, तरी मध्यभागी ते खोलच होते. मुलगा वेडावाकडा, पाणी गिळत, पण थेट मामापर्यंत पोचला. काठावर बसलेल्या आईने छातीवर क्रूसाची खूण केली.

आणि हेच बावखल बुजवावयाचे होते. गिऱ्हाइकाची अट तशी होती: जमीन सपाट करून द्यावी.

दादाला दोष देणे मला सोपे होते, कारण मी पाहुणी. त्याची बाजू त्याने मला एका रात्री अंगणात सांगितली. मुलगा पुण्यास नोकरीला. तो परत येऊन केळी लावील, अशी आशा नाही. मजूर मिळत नाहीत. विहिरीचे पाणी मचूळ होत चालले आहे. डोक्यावर कर्ज आहे. यांतील एकही गोष्ट खोटी नव्हती. आई या विषयावर बोलत नसे. ती उठून आत जाई.

शिबिराच्या ताईंनी मुलांना एक काम दिले होते. आपल्या पाड्यातील बावखलांची नावे घरच्या वडीलधाऱ्यांना विचारावयाची, आणि प्रत्येक ठिकाणी जाऊन आज तेथे काय आहे ते वहीत लिहावयाचे. १९८९ च्या सुमारास पाण्याचा उपसा आणि बेसुमार बांधकाम यांविरुद्ध वसईत 'हरित वसई'ची जी चळवळ उभी राहिली, तिची हकिकतही त्यांनी मुलांना सांगितली. त्या चळवळीचे नेते फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले होते. २०२४ मध्ये ते निवर्तले.

आजीने बोटांवर अकरा बावखले मोजली. प्रत्येकाला नाव होते. कोणाचे झाडावरून, कोणाचे त्यात बुडालेल्या म्हशीवरून. मुले दोन दिवस उन्हात हिंडली व त्यांना चार सापडली. उरलेल्या जागी कोठे इमारत, कोठे लग्नाचे मैदान, एके ठिकाणी नुसता भराव. मुलीने ती यादी रात्री जेवताना मोठ्याने वाचली. चौथे नाव आमचे होते. दादा जेवत राहिला.

मधल्या एका दिवशी आम्ही अर्नाळ्यास गेलो. किनाऱ्यावरून होडीने थोडक्यात बेटावर पोचता येते. तटाच्या आत अष्टकोनी विहीर आहे, बाहेर कोळ्यांची वस्ती आहे, आणि चारी बाजूंनी खारे पाणी असता विहिरीचे गोडे पाणी पाहून मुलांना नवल वाटले. मुलांसह जाणाऱ्यांनी भरती-ओहोटीची वेळ आधी विचारून घ्यावी. परतताना ताडगोळे खाल्ले. बाकी त्या दिवशी विशेष काही नाही.

त्या वर्षी पाऊस फार लवकर आला. २६ मे रोजी मोसमी पाऊस मुंबईत पोचल्याचे हवामान खात्याने जाहीर केले. इतक्या लवकर तो पूर्वी कधी आल्याची नोंद नाही. वसईकरांना पावसाचे आता भय वाटते. जुलै २०१८ मध्ये वसई-विरारचे कित्येक भाग काही दिवस पाण्याखाली होते, ते कोणी विसरलेले नाही. त्या सकाळी दादा डोक्यावर इरले घेऊन वाडीत उभा होता. रस्त्यावरचे तांबडे पाणी कुंपणाखालून वाट काढीत येत होते आणि पायरीपायरीने बावखलात उतरत होते. घराचे अंगण कोरडेच राहिले. तो बराच वेळ तेथून हलला नाही. मी चहा घेऊन गेले, तेव्हा म्हणाला, "हे बुजवले, तर हे पाणी कोठे जाईल ग?" मी उत्तर दिले नाही, तो ते मला विचारीत नव्हता.

आम्ही महिनाअखेरीस वडोदऱ्यास परतलो. जमिनीचे बोलणे दिवाळीनंतर करू, असा निरोप दादाने गिऱ्हाइकाला धाडला; कर्जाचा हप्ता भरण्यासाठी आईने आपल्या दोन बांगड्या दिल्या, हे मला मागाहून फोनवर कळले. मुलीची वही शिबिराच्या ताईंपाशी राहिली आहे. पुढच्या मे महिन्यात शेजारच्या पाड्याची नावे तिला त्यात लिहावयाची आहेत, आणि तेथील कोणत्या आजीला काय विचारावयाचे याची यादी तिने आतापासूनच करून ठेवली आहे.